बाराच्या शिखरावरची वही

आमच्या लानबाख गावातून पाहिलं की सूर्य बरोबर बारा वाजता ज्या शिखराच्या माथ्यावर येतो, त्या शिखराचं नाव बारा. त्याच्या डावीकडचं अकरा, त्याच्याही पलीकडचं दहा. नावं ठेवताना आमच्या वाडवडिलांनी डोक्याला फारसा ताण दिलेला नाही. पण शेजारच्या दरीत ग्राटेन नावाचं गाव आहे. तिथून तेच शिखर जरा तिरकं पडतं आणि सूर्य त्याच्यावर एक वाजता येतो. म्हणून ग्राटेनवाले त्याला म्हणतात एक. एवढ्यावरून दोन गावांत तीन पिढ्या मारामाऱ्या झाल्या, ठरलेली लग्नं मोडली आणि एकदा एका बैलाचं शेपूट कापलं गेलं. त्यात भर म्हणजे, नकाशा काढायला आलेला साहेब ग्राटेनच्या खानावळीत उतरला, तिथली धुरावर सुकवलेली डुकराची तंगडी त्याला मानवली आणि सरकारी नकाशावर ‘एक’ छापून आलं. आमच्या शाळेतल्या नकाशावर गुरुजींनी ते पात्यानं खरवडून काढलं होतं. तिथे कागदाला भोक पडलं. पण भोक परवडलं.

या सगळ्यात सर्वांत जास्त पेटून उठणारा माणूस म्हणजे सेराफिनकाका. माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण आणि कुंपणावरून सकाळ-संध्याकाळ माझी जीभ. माझा धंदा दुधाच्या गाडीचा. घरोघरच्या किटल्या गोळा करायच्या आणि खालच्या डेअरीत पोचवायच्या. दूध वरून खाली येतं, बातम्या खालून वर जातात. काकांचा धंदा लाकडी कौलांचा. लार्चचे ओंडके फोडून फोडून छपराची कौलं करायची. अर्ध्या गावाच्या डोक्यावर त्यांचंच छप्पर आहे.

उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवायचं सरकारनं काढलं, तेव्हा सूर्य आमच्या बारावर एक वाजता यायला लागला. ग्राटेनवाले आठवडाभर हसत होते. काकांनी साधा उपाय केला : त्यांनी घड्याळ हलवलंच नाही. उन्हाळाभर ते गावाच्या एक तास मागे असायचे. रविवारी चर्चमध्ये शिरायचे तेव्हा लोक बाहेर पडत असायचे.

“काका, पाद्री विचारत होते, तुमच्यासाठी वेगळी प्रार्थना ठेवू का म्हणून.”

“त्यांना सांग, देव माझ्याच घड्याळाने चालतो.”

शिखरावरचा क्रूस काकांनीच केलेला. लढाईनंतर, गावची न परतलेली मुलं आठवून, आठ जणांनी तो खांद्यावरून वर नेला. त्याच्या आडव्या लाकडावर काकांनी ‘बारा’ असं कोरलं. क्रूसाच्या पायाशी पत्र्याची एक पेटी, पेटीत एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. जो वर पोचेल त्यानं नाव लिहायचं, तारीख लिहायची, आभाळ कसं होतं ते लिहायचं. सगळ्याच शिखरांवर असते अशी वही. आमच्या बाराची वही काका सांभाळायचे. सप्टेंबरात गुरं कुरणावरून खाली आली की काका वर जायचे, वही खाली आणायचे, घर तापवणाऱ्या मोठ्या शेगडीच्या भिंतीशी वाळवायचे आणि हिवाळाभर वाचायचे. जूनमध्ये परत नेऊन ठेवायचे.

आता वाचायचे म्हणजे काय, तर शोधायचे. ते काय शोधायचे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नसलेली गोष्ट लानबाखमध्ये टिकतच नाही, मी असताना तर नाहीच.

काकांची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, वाल्बुर्गा. आम्ही तिला बुर्गी म्हणायचो. ती माझ्याच वर्गात, माझ्या पुढच्या बाकावर. आई नाही म्हणून घरचं सगळं तिच्यावर. गवत कापायच्या दिवसांत तिला गृहपाठाला सवड नसायची. तो मी लिहायचो, तिच्याच अक्षरात. मोठं गोल गोल अक्षर, ‘व’ला शेपटी, जणू मांजर खिडकीत बसलंय. बदल्यात ती मला जर्दाळूचा मुरांबा भरलेले तळलेले गोळे आणून द्यायची. गुरुजींना सात वर्षं पत्ता लागला नाही.

बुर्गी चोवीस वर्षांची असताना एका सप्टेंबरात बापलेक वही आणायला वर गेली. पाहतात तो काय, ग्राटेनचा एंगेलबर्ट नावाचा तरुण क्रूसावर चढून बसलेला, हातात छिन्नी-हातोडा, आणि ‘बारा’च्या खाली भला मोठा ‘एक’ कोरून तयार. मी तिथे नव्हतो. पण म्हणून काय झालं, सांगतो. काका संतापानं लालबुंद. एंगेलबर्ट घाबरून उतरायला गेला तर त्याची चड्डी खिळ्याला अडकली आणि तो लटकला. आणि बुर्गी हसली. नको तिथे हसली. पुढच्या मे महिन्यात तिनं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं.

चर्चच्या अंगणात, सगळ्या गावादेखत, काका म्हणाले, “जिथे बाराला एक म्हणतात, तिथे माझी मुलगी नाही.”

बुर्गी म्हणाली, “नसू दे. तुम्हाला हवी असेन तेव्हा या.”

आणि गेली. ग्राटेन म्हणजे काही अमेरिका नव्हे. खाली मोठ्या रस्त्याला उतरायचं, बसने चाळीस मिनिटं. पण सव्वीस वर्षं काका त्या बसमध्ये चढले नाहीत. ते वर्षातून दोनदा तीन हजार मीटर उंचीचं शिखर चढायचे, आणि मुलीनं वहीत नाव लिहिलंय का ते बघायचे. बुर्गी एक ना एक दिवस वर येईल आणि वहीत लिहील, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. तिनं लिहिलं की ते जाणार होते. तिनं आधी. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला सांगावं लागत नाही.

चेष्टा मीही करायचो. “काय काका, यंदा किती जर्मन आले? हाम्बुर्गचे किती?” ते चष्म्यातून पाहायचे, “बावीस. एकाला शुद्ध लिहिता येत नाही.” आणि पान उलटायचे.

एका हिवाळ्यात त्यांच्याकडे श्नाप्स घेत बसलो होतो. त्यांनी शेवटचं पान वाचलं. वही मिटतील असं वाटलं. त्यांनी वही उजेडाकडे धरली आणि दोन पानं चिकटून तर राहिली नाहीत ना, ते नखानं एकेक करून पाहायला लागले. अगदी पहिल्या पानापासून. त्या दिवशी मला काही बोलायला सुचलं नाही. मला! लोनीनं, माझ्या बायकोनं, घरी आल्यावर कपाळाला हात लावून ताप पाहिला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या पंधराला, मारियाच्या सणाला, मी बारावर गेलो. लोनीच्या बहिणीचा नवरा शहरातून आला होता, त्याला शिखर दाखवायचं होतं. तो तिथे पोचून आडवा झाला आणि झोपला. मी पेटी उघडली. पेन्सिल हातात घेतली. खोडी होती की कळवळा, आज विचारलं तर मला सांगता यायचं नाही. माझ्यात या दोन गोष्टी एकाच खणात ठेवलेल्या आहेत. मी तारीख लिहिली आणि खाली गोल गोल अक्षरात, ‘व’ला शेपटी काढून लिहिलं : वाल्बुर्गा. बारावर. आभाळ स्वच्छ.

म्हटलं, म्हाताऱ्याचा एक हिवाळा तरी बरा जाईल.

सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी मी किटल्या चढवत होतो, तर काका कुंपण ओलांडून आले. फाटकातून नाही, कुंपण ओलांडून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डोक्याला टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेली वही.

“काश्पर, वाच.”

मी वाचलं.

“काय लिहिलंय?”

“वाल्बुर्गा,” मी म्हटलं.

“पुढे वाच ना, गाढवा!”

“बारावर.”

“बारा!” काका म्हणाले. “सव्वीस वर्षं त्या लोकांत राहते. रोज कानावर एक, एक, एक. आणि लिहिताना काय लिहिलं पोरीनं? बारा.” आणि त्यांनी माझ्या गाडीच्या फळीवर हात टेकला आणि तोंड पलीकडे वळवलं.

मला ते सुचलंच नव्हतं. मी लानबाखचा, माझ्या हातून बाराच लिहिलं जाणार. ग्राटेनमध्ये सव्वीस वर्षं राहिलेली बाई काय लिहील याचा मी विचारच केला नव्हता. आणि काकांनी नेमकं तेच उचललं होतं.

तो हिवाळा त्यांचा खरंच बरा गेला. ते ओंडके फोडताना शीळ घालायचे. पोरीची बंद खोली उघडली, खिडकीची चौकट रंगवली. नाताळात सगळ्या गल्लीला गोड पाव वाटला. दुकानात, चर्चमध्ये, खानावळीत, जिथे जातील तिथे वहीची गोष्ट. लोक येऊन पान पाहून जायचे. आणि दर वेळी काका म्हणायचे, “अक्षर बघा. शाळेत होतं तस्संच.” मी कोपऱ्यात उभा राहून बुटाची नाडी बांधायचो. त्या हिवाळ्यात माझी नाडी फार सुटायची.

मी वाट पाहत होतो की आता ते बसमध्ये बसतील. कारण तिनं आधी लिहिलं होतं ना! पण काका म्हणाले, “ती वर आली. म्हणजे तिला तिथे भेटायचंय. दोन्ही गावांच्या मध्ये. हुशार आहे माझी पोर. पंधरा ऑगस्टला येते ती. यंदा मी आधीच जाऊन बसेन.”

मी तसाच घरी आलो. लोनीला सगळं सांगितलं. तिनं पोळपाटावरचं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुला देवानं तोंड दिलं तेव्हा ते बंद करायची कडी द्यायला विसरला. जा ग्राटेनला. तिला घेऊन ये.”

जूनमध्ये गेलो. बुर्गी तिथल्या हॉटेलच्या धुलाईत कामाला होती. वाफेनं भरलेली खोली, मोठ्या रुळाचं इस्त्रीचं यंत्र, चादरींचा डोंगर. पन्नाशीची बाई, केस पांढरे, बाह्या वर केलेल्या. मला ओळखलं आणि म्हणाली, “काश्पर! अजून जिवंत आहेस? मला वाटलं कुणीतरी गळा दाबला असेल एव्हाना.”

मी हसत हसत सुरू केलं. सांगत गेलो तशी तिची चादर हातातच राहिली.

“माझं नाव लिहिलंस? माझ्या अक्षरात?”

“त्यांना बरं वाटावं म्हणून...”

“मी सव्वीस वर्षांत त्या डोंगरावर पाय ठेवलेला नाही,” ती म्हणाली. “माझा गुडघा जिने चढू देत नाही, डोंगर कसला! आणि ऐक, तुला माहीत नाही ते सांगते. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी गेले होते. दारापर्यंत. ते अंगणात कौलं फोडत होते. त्यांनी मला पाहिलं. कुऱ्हाड ओंडक्यात ठोकली, आत गेले आणि कडी लावली. मी शेवटच्या बसपर्यंत त्या अंगणात उभी होते.”

हे लानबाखमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

“म्हणून मी येणार नाही,” बुर्गी म्हणाली. “एकदा आले. आता पाळी त्यांची.” तिनं चादर रुळात सरकवली. ती पलीकडून गुळगुळीत होऊन बाहेर आली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बसने या म्हणावं. रविवारी घरीच असते मी. पावाचे गोळे करीन, त्यांना आवडतात तसे, यकृताचे.”

म्हणजे काम फत्ते! मी बसमध्ये शीळ घालत आलो. डेअरीपाशी उतरलो आणि मग लक्षात आलं की हा निरोप सांगायचा तर आधी सांगावं लागेल की वहीत लिहिलं कुणी. जूनचे उरलेले दिवस गेले. जुलै गेला. रोज सकाळी काकांची किटली उचलायचो, आणि रोज आभाळाबद्दल बोलायचो.

चौदा ऑगस्टला काका निघाले. वाटेत धनगराच्या झोपडीत मुक्काम करून सणाच्या दिवशी दुपारच्या आत वर पोचायचा त्यांचा बेत होता. लोनी मला म्हणाली, “उद्या तू वर गेला नाहीस तर घरात येऊ नकोस.” उजाडताच निघालो.

आमच्यात एक रीत आहे. झाडं संपली आणि नुसता दगड लागला की कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. पाद्री असो, सरपंच असो, वर सगळे एकमेकांना ‘तू’. खाली मी काकांना उभ्या आयुष्यात अरे-तुरे केलं नाही. वर पोचलो तेव्हा काका क्रूसाला पाठ टेकून बसले होते. दाढी केलेली, नवा सदरा. मांडीवर फडकं, फडक्यावर पाव, धुरावलेलं मांस कापून ठेवलेलं, दोघांना पुरेल एवढं. शेजारी या सणाला चर्चमध्ये मंत्रून घेतात तसा औषधी फुलांचा गुच्छ. त्यांचं तोंड ग्राटेनच्या बाजूला होतं.

“तू कशाला आलास रे?” ते म्हणाले. “आज मला पाहुणी आहे.”

“सेराफिन,” मी म्हटलं, “ती येणार नाही. वहीत तिनं नाही लिहिलेलं. मी लिहिलं.”

खालून आमच्या चर्चची घंटा ऐकू आली. मग तासाभरानं ग्राटेनची, सणाच्या मिरवणुकीची. एवढा वेळ आम्ही बसलो होतो. मी सगळं सांगितलं, शाळेच्या गृहपाठापासून. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, “म्हणजे बारा तिनं नाही लिहिलं?”

“नाही. मी लिहिलं.”

मग मी घाईघाईनं म्हटलं, “पण मी तिला भेटलोय. खरं सांगतो. ती म्हणाली, बसने या. रविवारी या. यकृताचे गोळे करीन म्हणाली. तू एकदा कडी लावलीस, तेही सांगितलं तिनं.”

काका वळले. कडीचं ऐकून त्यांचा चेहरा हलला, मला स्पष्ट दिसलं. पण लगेच थंड झाला.

“अंगणातून दिसलं असेल तुला,” ते म्हणाले. “शेजारी ना तू. सगळं बघतोस. आता याच्यावर गोळे पण रचलेस.”

“सेराफिन, देवाशपथ...”

“वही खाली घेऊन जा,” ते म्हणाले, “आणि तिच्यात काय लिहायचं ते लिही. तुला येतंच.”

ते उठले आणि उतरायला लागले. पाव, मांस, गुच्छ तिथेच. मी दोन पावलं मागे ठेवून खालपर्यंत आलो. झाडं सुरू झाली तशी ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, “आता तुम्ही तुमच्या वाटेनं जा.”

तुम्ही. मला जन्मापासून ‘तू’ म्हणणारा माणूस. आईच्या कडेवर होतो तेव्हापासून. त्यानंतर ते मला कायम ‘तुम्ही’ म्हणत राहिले. किटली दारात ठेवायचे, मी “काका” म्हटलं की “नमस्कार” म्हणायचे. गावात सांगितलं नाही त्यांनी कुणाला. नाताळला पाव वाटला होता त्या लोकांना काय सांगणार!

मी पुढच्याच आठवड्यात पुन्हा ग्राटेनला गेलो. “त्यांना खरं वाटत नाही,” मी बुर्गीला म्हटलं. “माझ्या तोंडचं आता काहीच खरं वाटायचं नाही. तू लिहून दे.”

ती बराच वेळ कपडे मोजत राहिली. मग धुलाईच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं तिची वाकत नव्हती, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पेन धरून ती सावकाश ओढत होती. तीन ओळी : बाबा, रविवारी दहाच्या बसने या. मी थांब्यावर उभी राहीन. बुर्गी.

“पोस्टात टाकते,” ती म्हणाली.

“कशाला? दोन दिवस जातील. मी संध्याकाळीच देतो त्यांच्या हातात.”

पोस्टात टाकू दिली असती तर पाकिटावर ग्राटेनचा शिक्का पडला असता. आता कळतं. तेव्हा मला घाई झाली होती. चांगली बातमी दुसऱ्याच्या हातानं पोचलेली मला कधीच सोसली नाही.

काकांनी चिठ्ठी दारातच घेतली. चष्मा लावला. मग आत गेले आणि वही घेऊन आले. वही मी वरून आणून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली होती. ते पान उघडून दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी धरली. एकीकडे माझं गोल गोल, शेपटीवाला ‘व’. दुसरीकडे बारीक, तिरकी, थरथरती अक्षरं, कोंबडीच्या पायांसारखी.

“हे तिचं अक्षर,” काका वहीवर बोट ठेवून म्हणाले. “सात वर्षं मी तिच्या वह्या पाहिल्यात. ते तुम्ही नीट उचललंत, मान्य आहे. पण हे?” त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “या वेळी मेहनतसुद्धा घेतली नाहीत.”

“काका, हे तिनंच लिहिलंय! ते माझं, हे तिचं!”

“किती वर्षं चाललंय हे तुमचं?” ते शांतपणे म्हणाले. “खानावळीत वाचून दाखवता का आधी?”

आणि कडी लावली.

त्या रविवारी मी त्यांच्या फाटकाशी सकाळी आठपासून उभा होतो. ते बाहेर आले नाहीत. एंगेलबर्टनं मला नंतर सांगितलं, बुर्गी दहाच्या बसला उभी राहिली, बाराच्या, दोनच्या, पाचच्या. घरात गोळे तसेच. मी पुन्हा दोनदा गेलो ग्राटेनला. पहिल्यांदा ती म्हणाली, “झालं आता, काश्पर.” दुसऱ्यांदा दार एंगेलबर्टनं उघडलं, आणि ती मागच्या खोलीतून बाहेर आली नाही.

त्या सप्टेंबरात काका वही आणायला गेले नाहीत. वर वहीच नव्हती. त्यांनी ती परत नेऊन ठेवली नव्हती.

जानेवारीत एक दिवस दारात किटली नव्हती. चिमणीतून धूर नव्हता. मी कुंपण ओलांडून गेलो. काका शेगडीला लागून असलेल्या बाकावर बसले होते, भिंतीला टेकून, पायात मोजे. डॉक्टर म्हणाले, हृदय, आदल्या संध्याकाळीच.

अंत्यविधीला बुर्गी आली. एकटी, काळा कोट, गुडघ्याला पट्टा. लोकांनी तिच्याशी हात मिळवले आणि वहीबद्दल बोलायला लागले. “बरं केलंस हो, वर जाऊन लिहिलंस. फार खूश होते त्या वर्षी.” ती प्रत्येकाला “हो” म्हणाली. मी लांब उभा होतो. सगळे जेवायला खानावळीत गेले तेव्हा ती माझ्याकडे आली.

“चिठ्ठी दिलीस त्यांना?”

“दिली.”

“वाचली?”

“वाचली.”

“मग?”

मला सोयीचं काहीतरी सुचलं होतं. सुचतंच मला. पुढच्या रविवारी निघणार होते, टोपी घासून ठेवली होती, असं काहीतरी. ते ओठांवर आलं होतं. पण मी खरं सांगितलं. वही, चिठ्ठी, दोन अक्षरं, सगळं.

तिनं हातमोजा काढला आणि आपल्या बोटांकडे पाहिलं.

“ही इस्त्रीच्या रुळात सापडली होती,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली. तू त्यांना सांगितलं नाहीस?”

मी तोंड उघडलं. कुणाची गाय केव्हा व्यायली, कुणाच्या सुनेचं माहेरी काय बिनसलं, हे मी वीस दारांवर रोज पोचवतो. तिची बोटं मी पाहिली होती. पेन कसं धरते ते मी पाहिलं होतं. ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

बुर्गीनं हातमोजा परत चढवला. मधली दोन बोटं आत जायला वेळ लागला. “थांबा कुठे आहे आता?” तिनं विचारलं. “पूर्वी चर्चसमोर असायचा.”

“खाली, डेअरीपाशी नेला.”

मी तिला तिथपर्यंत सोडायला गेलो. रस्त्यावर बर्फ होतं, ती माझा हात न धरता चालली. सूर्य बाराच्या मागे गेला होता. हिवाळ्यात तो तिथे फार वेळ थांबत नाही. बस आली. ती चढली, खिडकीपाशी बसली. खिडकी वाफेनं भरलेली होती आणि तिनं ती पुसली नाही.